बोट बाहेर असताना

"बाई, खरा सांगा, मी पास व्हईन का नाय?"

वर्गात आली की ती आधी हे विचारायची आणि मग चप्पल काढायची. माझं उत्तर ठरलेलं. "बसा आणि पुस्तक उघडा."

सरावलीत माझा इंग्रजीचा क्लास आहे. कारखान्यांतल्या कामगारांची बारावीची मुलं येतात. त्यांच्यात ही एकटी माझ्या वयाची. तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या गावात अंगणवाडीत मदतनीस होती. तिथल्या सेविका निवृत्त होणार होत्या. बारावी झाली तर ती जागा हिला मिळणार होती. बाकी विषय सुटले होते, इंग्रजीत मात्र ती दोनदा आपटलेली. हा पेपर गेला तर जागाही जाणार. इतकी वर्षं दुसरीच्या हाताखाली खिचडी ढवळलेल्या बाईला याचा अर्थ काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

बोंबील वाळत घालता घालता ती गाईड वाचायची. पोरं नाक दाबायची. "काकी, तुमच्या गाईडला वास येतो!"

"मंग वास घेऊन पाठ कर. मला तर तसा बी होत नाय."

खरंच होत नव्हतं. व्याकरण तिने अंगणवाडीवर भागवलं होतं. कर्मणी प्रयोग म्हटलं की, "खिचडी इज ईटन बाय द चिल्ड्रन." वाक्य कुठलंही द्या, शेवटी खिचडीच. तरी तिथे काही मार्क हाती लागत. कवितांपुढे मात्र खिचडी चालायची नाही. विलायतेतले कवी, तिथली फुलं, तिथली थंडी. आज पाठ, उद्या साफ. परीक्षा जवळ आली तशी ती कपाळावर मूठ आपटून घ्यायची. "डोक्यात काय ऱ्हात नाय, बाई. काय करू मी?"

एका कवितेत समुद्र होता. म्हटलं, ही तरी सोपी जाईल. पहिली कडवी तिने भराभर वाचली. शेवटच्या कडव्यात होडी बुडते. तिथे तिने पुस्तक मिटलं.

"फुडला नाय वाचायचा."

"का?"

"माजा माणूस बोटीवर हाय. बोट भायेर असताना आमच्यात असला तोंडातून काढत नाय."

"मनात वाचा."

"मनात तर मुळीच नाय. बोट आली का शिकवा."

बोट आली की मासळीचं काम निघे, क्लास बुडे. ती क्लासला येई तेव्हा बोट पुन्हा बाहेर. परीक्षेपर्यंत हेच चाललं. बाकीच्या कविता मी तिच्याकडून घोटून घेतल्या. हीच नेमकी येऊ नये, एवढीच आशा उरली.

पेपरच्या दिवशी मी पालघरच्या केंद्राबाहेर उभी होते. ती बाहेर आली आणि चेहऱ्यावरूनच कळलं. तीच कविता, तेच कडवं.

"सोडून दिलंत?"

"नाय. लिवला. बोट परत आली, असा लिवला."

"अहो, कवितेत ती बुडते!"

"कवितेत बुडू दे. माजा माणूस अजून आला नाय."

मग फाटकाचा गज धरून तिने विचारलं, "बाई, खरा सांगा, मी पास व्हईन का नाय?"

आता उघडायला पुस्तक नव्हतं. मी तिला रिक्षात बसवून दिलं.

बोट सुखरूप आली. निकालात ती नापास झाली. अगदी थोडक्यात, त्या एका कडव्याच्या मार्कांनी. तिने ते आधीच ताडलं असणार. सेविका म्हणून नवी मुलगी आली. ही तिच्याच हाताखाली आहे, असं ऐकते. क्लासला पुन्हा आली नाही.

ती कविता मी अजून शिकवते. शेवटचं कडवंही शिकवते, मार्क त्यालाच असतात. फक्त किनाऱ्यावरून येणाऱ्या मुलांना आधी विचारून घेते, "घरचं कोणी बोटीवर आहे का?"

एखादा हात वर आला, तर त्या दिवशी व्याकरण घेते.