खऱ्या वाक्यांची शिकवणी

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या मिस भाजी घेतानासुद्धा इंग्रजी इडियम वापरायच्या. दारावर येणाऱ्या भाजीवालीने भेंडीचा भाव सांगितला, की मिस कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "दीदी, ये तो आर्म अँड अ लेग हो गया!" मग तिला तिथेच फाटकात उभं करून हिंदीत समजावून सांगायच्या, की फार महाग वस्तूची किंमत इंग्रजीत ‘एक हात आणि एक पाय’ अशी सांगतात. भाजीवाली अभनपूर गावाकडची, बोलणं पक्कं छत्तीसगढी. तिने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "हव दीदी, आज लेग नइ लागय, आर्म भर दे दे." म्हणजे आज पाय लागणार नाही, नुसता हात पुरे. मिसनी तिला ‘व्हेरी गुड’ दिलं आणि घासाघीस न करता भेंडी घेतली. आम्हा पोरांना त्यांच्या तोंडून ‘व्हेरी गुड’ ऐकायला मिळायचं ते परीक्षेच्या आसपास, आणि तेही सगळ्यांना नाही.

मिसचं खरं नाव पोस्टमन आणि त्यांचा भाऊ सोडून गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. मराठी घरांत त्या ‘इडियमवाल्या मिस’ आणि हिंदी घरांत ‘मुहावरेवाली मिस’. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून रायपूरला आले आणि इथेच घर बांधून राहिले. मिसनी लग्न केलं नाही. एका इंग्रजी शाळेत शिकवलं, आईवडिलांचं आजारपण काढलं, आणि दोघं गेल्यावर घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. मागच्या भागात धाकटे भाऊ सुरेशकाका, त्यांची बायको आणि मुलगा यश. पुढच्या खोल्यांना लागून व्हरांडा होता आणि त्या व्हरांड्यात संध्याकाळी मिसची शिकवणी भरायची.

रोज एक इडियम फळ्यावर लिहिला जायचा. अर्थ सांगून झाला की प्रत्येकाने त्याचं वाक्य करायचं. इथपर्यंत कुठल्याही शिकवणीत चालतं तेच. पण मिसचा नियम असा, की वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. पहिल्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासाने उठले आणि ‘राम’पासून सुरुवात केली. मिसनी खडूचा हात वर करून मला थांबवलं.

"हा राम कोण? कोणत्या पाऱ्यात, कोणत्या गल्लीत राहते?"

मी म्हटलं, कोणी नाही, असाच वाक्यातला राम आहे.

"मग त्याचं आपल्याले काय करायचं? तुझ्या घरी माणसं नाहीत का?"

त्यांचं म्हणणं असं, की इडियम पाठ करून डोक्यात राहत नाही. "घरातल्या माणसाले चिकटवला, का मग जन्मभर निंघत नाही," असं त्या सांगायच्या. त्यात तथ्य असावं. ‘व्हाइट एलिफंट’ म्हणजे विकत घेऊन पस्तावायची वस्तू, हे मी अजून विसरलेले नाही, कारण त्या दिवशी मी बाबांच्या व्यायामाच्या सायकलचं वाक्य केलं होतं. ती सायकल आमच्या हॉलमध्ये होती आणि तिच्या हँडलवर बाबांचेच बनियन वाळत असायचे. मिसनी विचारलं, "रोज?" मी म्हटलं, पाहुणे येणार असले की काढतो. "मग तेही वाक्यात टाक," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने आमच्या गल्लीतलं सगळं घरगुती आयुष्य रोज संध्याकाळी शुद्ध इंग्रजीत व्हरांड्यात येऊन पडायचं. ‘स्टॉर्म इन अ टीकप’ म्हणजे क्षुल्लक गोष्टीवरून उठलेलं वादळ. त्याला एका मुलीने आई आणि काकूचं कढीत साखर घालावी की नाही यावरून झालेलं भांडण सांगितलं. ते भांडण दिवाळीपासून चालू होतं आणि होळी आली होती. ‘पुल स्ट्रिंग्ज’ म्हणजे ओळखीतून काम करून घेणं. त्याला एका सरकारी अधिकाऱ्याच्या मुलाने उठून, मोठ्या भावाला कॉलेजात प्रवेश कसा मिळाला ते नीट काळ-क्रियापदांसकट सांगितलं. मिस म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. बस खाली." दुसऱ्या दिवशी तेच अधिकारी त्यांना भाजीबाजारात भेटले, तेव्हा मिसनी मोठ्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी केली आणि टोमॅटो निवडत राहिल्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मी पिशवी धरून शेजारीच उभी होते, मला तेवढं जमलं नाही.

कारण मिसचा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कडक होता. व्हरांड्यातलं वाक्य व्हरांड्याबाहेर जायचं नाही. तास संपला की फळा त्या स्वतः पुसायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. जो बाहेर बोलला त्याची शिकवणी बंद, आणि एकदा एकाची झालीही. गल्लीतल्या आयांना हे कळून चुकलं होतं, की या बाईला आपल्या घरातलं सगळं ठाऊक आहे. त्या काहीतरी निमित्त काढून यायच्या. "मिस, आमच्या पोट्ट्यानं काल काही सांगितलं का हो?" मिस शांतपणे म्हणायच्या, "हो ना. टेन्स चुकला होता त्याचा." माझी आईही एकदा जाऊन टेन्स घेऊन परत आली.

यश, त्यांचा भाचा, याच वर्गात बसायचा. तेव्हा तो पाचवीत होता आणि मी सर्वांत मोठी म्हणून लहान मुलांच्या वह्या तपासायचे. यशला मराठी समजायचं सगळं, पण उत्तर हिंदीतच. तो भिडस्त होता आणि त्याला कारण होतं. सुरेशकाका बाहेर गोडबोले, घरात हात सुटलेले. एकदा दारावर कोणी आलं असता काकूंनी ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून सांगितलं आणि मागून यश बोलून गेला, "पापा तो बाथरूम में हैं." त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचं रडणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मिस हातातला खडू तसाच घेऊन आत गेल्या. रडणं थांबलं. परत येऊन त्यांनी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं, पण त्या दिवशी त्यांचं अक्षर वाकडंतिकडं आलं. पुढचे काही दिवस यश डाव्या हाताने दप्तर उचलत होता.

पावसाळा संपत आला असताना फळ्यावर ‘कीप इन द डार्क’ लिहिलं गेलं. एखादी गोष्ट एखाद्याला कळू न देणं. सोपा इडियम, भरपूर हात वर झाले. एकीने सांगितलं की घरात अंडी आणतात आणि आजीला कळू देत नाहीत. दुसऱ्याने सांगितलं की आजीला ठाऊक आहे आणि ती हे आईला कळू देत नाही. मिसनी दोन्ही वाक्यं घेतली. मग, कधी नव्हे तो, यशने हात वर केला. तो उभा राहिला, पाठीमागे घरात जाणाऱ्या दाराकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, की माझे वडील हे घर बिल्डरला विकणार आहेत आणि त्यांनी आत्याला ‘इन द डार्क’ ठेवलं आहे.

रस्त्यावरून एक स्कूटर गेली. मिस फळ्याशी होत्या. मग वळून म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. बस खाली. कोणाचं राहिलं?" कोणाचंच राहिलं नव्हतं, पण त्या पहिल्या मुलीने बिचारीने उठून आपलं अंड्यांचं वाक्य पुन्हा म्हटलं. मिसनी तेही ऐकून घेतलं आणि फळा पुसला.

यश चुकून बोलून गेला असं मला तेव्हा वाटलं. ते खरं नव्हतं. वडिलांनी त्याला दम दिला होता, आणि जिथलं बोलणं कुठे जाणार नाही अशी त्याच्या माहितीत एकच जागा होती. तिथे उभं राहून त्याने आत्याला सांगून टाकलं.

मी वाट पाहत होते की आता मिस भावाला जाब विचारतील. घर वडिलांचं, मिसच्या सहीशिवाय ते विकताच येणार नव्हतं. पण त्या दसऱ्याला भावाच्या घरी पुरणपोळी खाऊन आल्या. फक्त दुपारच्या अधूनमधून समता कॉलोनीकडे जाऊ लागल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "दात दुखून राहिला, डॉक्टरकडं चालली." इतके दिवस दुखणारा दात मी पाहिला नाही.

हिवाळ्यात एका संध्याकाळी, मुलं गेल्यावर, मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. सुरेशकाका आणि काकू व्हरांड्यात आले. काकूंच्या हातात मिठाईचा डबा होता. यश दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. काकांनी खुर्ची ओढली, थंडीबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले, मग जुन्या घराला ओल किती येते ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताई, कालच एक जण आला होता बा. चांगला बिल्डर आहे. अचानकच जमून राहिलं सगळं. आमचं काहीच ठरलं नव्हतं, तुले तं माहीत आहे."

मिसनी चष्मा काढला. "अग बाई!" त्या म्हणाल्या. "घर विकायचं? मले तं काहीच कल्पना नव्हती!"

डोळे मोठे, हात छातीवर, आवाजात बरोबर तेवढाच धक्का. रोज खरी वाक्यं करून घेणाऱ्या त्या बाईच्या तोंडून, दाताची थाप सोडली तर, मी ऐकलेलं हे एकमेव खोटं वाक्य, आणि ते इतकं चोख होतं की क्षणभर मलाही पटलं. सुरेशकाकांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. चौकटीतला यश मात्र आत्याकडे टक लावून पाहत होता. तिने ‘मला ठाऊक होतं’ असं म्हटलं असतं, तर ‘कोणी सांगितलं’ हा प्रश्न त्या व्हरांड्यातच आला असता, आणि त्याचं उत्तर घरात एकच होतं.

"तू काय पाहून राहिला?" मिस त्याच्यावर खेकसल्या. "जा, अभ्यास कर." तो आत गेल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "सही देते मी. माझी सोय मी पाहीन. पण पोट्टा रोज माझ्याकडंच शिकाले येईन. मी जिथं राहीन तिथं. हे कबूल असन तं सांग." काकांना वाटलं होतं त्याहून हे फारच स्वस्तात सुटलं. त्यांनी लगेच कबूल केलं आणि डबा उघडला. मिसनी एक पेढा मला दिला. मी तो खाल्ला नाही.

मला भयंकर राग आला होता. ती दोघं आत गेल्यावर मी म्हटलं, "मिस, तुम्ही सही नाकारली असती तर त्यांना काही करता आलं नसतं. जन्म काढला तुम्ही इथे."

"हो," त्या म्हणाल्या. "मग उद्यापासून याच्या घरात मी दुश्मन. पोट्ट्याचं माझ्याकडं येणं बंद. भिंतीच्या अलीकडं बसून मी रोज त्याचं रडणं ऐकू का?" त्यांनी माझ्यापुढची वही ओढली आणि मी तपासलेल्यात राहिलेली एक चूक दाखवली. "घर मलेही पाह्यजे होतं. नाही असं नाही."

सामान बांधायला मदत करावी म्हणून मी ठरल्या दिवशी सकाळीच गेले. बांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुस्तकं खोक्यांत भरून सुतळीने आवळलेली, भांड्यांची पोती शिवलेली, आणि हे सगळं पलंगाखाली, चादर जमिनीपर्यंत सोडून, कधीचं तयार ठेवलेलं. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दोन खोल्याही पाहून ठेवल्या होत्या. खोक्यांवर बरीच धूळ होती. काकू आत डोकावल्या तेव्हा मिसनी एक भरलेलं खोकं घाईघाईने सोडलं आणि पुन्हा भरायला घेतलं.

दारात छोटा हत्ती टेम्पो येऊन लागला. ड्रायव्हर आणि मी खोकी चढवत होतो. यश पायरीवर बसून होता, कोणाकडे पाहत नव्हता. मिस त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. तो म्हणाला, "आत्या, मैंने तो पहले ही बता दिया था ना. फिर भी कुछ नहीं हुआ."

"काहून नाही झालं?" मिस म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "तू त्या दिवशी उठून उभा राह्यला ना बाबा, तवापासून मी या घरात एकटी नव्हती."

यशने बाहीने नाक पुसलं. मग उठला, भिंतीवरचा फळा दोन्ही हातांनी खाली उतरवला, आणि कोणाला न विचारता तो घेऊन गाडीत मागे खोक्यांमध्ये जाऊन बसला. मला रडू आवरेना. सुरेशकाका फाटकात उभे होते. मिसनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "शिकवणी झाली का आणून सोडीन." मग त्या ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या आणि गाडी निघाली.