लाकडी म्हाताऱ्याशी हुज्जत

दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायच्या म्हणून सगळी गल्ली त्यांना दातांच्या काकू म्हणायची. भोकाड पसरणारी पोरं, नंबरावरून हमरीतुमरीवर येणारे पेशंट, सगळ्यांना त्या खुर्चीतून न उठता वठणीवर आणायच्या. घरी मात्र लेकीपुढे त्यांची डाळ शिजेना. लेकीला बाहुली-नाट्याची पदवी हवी होती. काकूंचा एकच धोशा, अकाउंट्स घे.

"बाहुल्या नाचवून पोट भरतं का कुणाचं?"

"कॉलेजात जाऊन विचार तरी एकदा," लेक म्हणाली.

नेमकी कॉलेजच्या भेटीच्या दिवशी लेक तापाने फणफणली. काकू एकट्याच निघाल्या. नोकरीचं विचारायचं, पितळ उघडं पाडायचं आणि विषय संपवायचा, असं ठरवूनच.

विभागप्रमुख म्हणजे एक किडकिडीत गृहस्थ. त्यांच्या हातात लांब नाकाच्या म्हाताऱ्याची लाकडी बाहुली होती.

"बसा बाई," म्हातारा म्हणाला. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत होते.

काकू बसल्या. "इथून शिकून नोकरी लागते का?"

"लागते की! मीच बघा, कायम आहे."

"पेन्शन?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"मला काय करायचंय पेन्शन? मी लाकडाचा."

"म्हणून काय झालं? उद्या वाळवी लागली तर कोण बघणार तुमच्याकडे?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. काकूंना चुटपुट लागली. ओलीत राहू नका, उन्हात बसत जा, असं त्यांनी त्याला समजावलं. तो जरा सावरला तशी पुन्हा नोकरीवरून जुंपली. बाहेरच्या रांगेतले पालक दारात गोळा झाले. शेवटी विभागप्रमुखांनी बाहुली टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलले.

"मुलं प्रवेशपरीक्षेला येतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. तुम्ही सगळा वेळ याच्याशी भांडलात. वयाची अट नाही आमच्याकडे. तुमचा प्रवेश पक्का."

"अहो, मी मुलीसाठी आलेय!"

"मुलीची परीक्षा घ्यावी लागेल."

घरी लेकीने पांघरुणातूनच विचारलं, "काय म्हणाले?"

"नोकरीचं धड काही सांगितलं नाही," काकू चाचरत म्हणाल्या. "पण मला घेतलं."

त्यांच्या टेलर नवऱ्याने शिलाई मशीन थांबवलं. "कुठे घेतलं?"

लेकीने आकांडतांडव केलं. काकू नको नको म्हणत राहिल्या, पण भांडी घासताना त्यांचा हात आपोआप बाहुलीसारखी मान डोलवायला लागला. ताप उतरल्यावर लेकही परीक्षा देऊन आली आणि मायलेकी एकाच वर्गात बसू लागल्या. "वर्गात मला ओळख दाखवू नकोस," लेकीने बजावलं. काकू सकाळी दवाखाना आणि दुपारी कॉलेज करू लागल्या. त्यांची बाहुली रुसली की वर्ग चिडीचूप व्हायचा. लेकीची बाहुली रुसली की बघणाऱ्यांना वाटायचं, हिच्या हाताला मुंग्या आल्यात.

वर्ष सरल्यावर एका दुपारी लेक म्हणाली, "आई, मला बाहुल्या आवडतात, पण बघायला. मी अकाउंट्सला जाते."

काकू भडकल्या. "आवडीचं सोडून नोकरीच्या मागे लागतेस? लाज नाही वाटत?"

टेलर इतका हसला की त्याने कुणाच्यातरी पँटचा खिसाच शिवून बंद केला.

लेक अकाउंट्समध्ये रमली. ताळेबंद जुळला की ती गुणगुणायची. काकूंनी पदवी पुरी केली. नोकरी मात्र कुणी दिली नाही, दवाखाना होताच. रविवारी त्या मिळेल त्या सभागृहात खेळ करायच्या. एकदा तिघेच प्रेक्षक आले, त्यातला एक घोरत होता. काकूंनी अख्खा खेळ केला, घोरणाऱ्याला त्रास नको म्हणून वादळाचा प्रवेश तेवढा हळू आवाजात. घरी आल्या त्या गालातल्या गालात हसत.

"कसा झाला?" टेलरने विचारलं.

"झकास!" काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.