नाव घातलेली वाटी

कासारवाडीला रेल्वे लाइनीला लागून आमची एक खोली होती, आणि मी जन्मले तेव्हा त्या खोलीत माझ्यासाठी जागा नव्हती. हे मी रागानं लिहीत नाही, होतं तसं लिहिते. वडील लातूरकडून आलेले, भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये बदली कामगार. म्हणजे एखादा पर्मनंट माणूस आला नाही तर यांना काम, सगळे आले तर गेटवरूनच घरी. खोलीत आई, माझ्या दोन मोठ्या बहिणी, गावाकडून येऊन-जाऊन असणारी आजी, आणि नवऱ्यानं टाकल्यावर भावाच्या आधाराला आलेली कौसल्याआत्या. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि झोळीतलं मूल दचकायचं. झोळी म्हणजे पत्र्याखालच्या अँगलला बांधलेली आईची जुनी साडी. त्या साडीत झोपणारी मी तिसरी मुलगी.

आत्या गेली त्याला आता सव्वा महिना होईल. त्या दिवशी मी महाळुंग्याला कंपनीत होते, फर्स्ट शिफ्ट. आईचा फोन आला. "संज्या, आत्या गेली गं. चहा मागितला, मी करून आणेस्तोवर..." मी एप्रन काढला, साहेबांना सांगितलं, बसमध्ये बसले, आणि चाकण चौक मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मला मोकळं वाटतंय. माणूस गेल्यावर असं वाटलं हे सांगायची लाज वाटते. तिच्या दुखण्यातून ती सुटली, हे तर होतंच. पण एक गोष्ट तिला विचारायची राहून जाता जाता वाचली होती, आणि ती राहिली असती तर मी जन्मभर चुकीचंच धरून बसले असते. त्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले आहे.

आत्या पिंपरी कॅम्पातल्या एका भांड्यांच्या दुकानात कामाला होती. सुरुवातीला माल पुसायचा, रचायचा, कागदात बांधायचा. पुढं ती भांड्यांवर नावं घालायला बसली ती उठली नाही. पेनासारखी विजेची मशीन असते, टर्रर्र करत स्टीलवर बारीक ठिपके उमटवत जाते. चौथी शिकलेली बाई, पण लग्नसराईत तिच्यापुढं रांग लागायची. तिची सवय अशी जडली होती की बँकेच्या कागदावर सहीसुद्धा ती ठिपक्याठिपक्यांनी करायची, आणि मागचे लोक ताटकळायचे. तिच्या डोक्यावर भिंतीला दुकानाची पाटी होती : 'नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही.'

आता नावं घालताना माणूस चुकतोच. गिऱ्हाईक एक सांगतं, घाईत दुसरंच उमटतं. ते भांडं दुकानात ठेवून काय करणार? मालक ते आत्याला देऊन टाकायचे. तिच्या पिशवीतून ते आमच्या घरी यायचं. त्यामुळं आमच्या मांडणीवरचं प्रत्येक भांडं परक्याच्या नावाचं. वडिलांच्या ताटावर 'सौ. शकुंतला हिस मामांकडून' असं होतं. आई पान मांडून म्हणायची, "बसा शकुंतलाबाई, वाढते." आणि वडील, जे एरवी फारसे हसत नसत, ते पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचे.

त्या सगळ्या पसाऱ्यात एक लहान वाटी होती. तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरात फक्त 'संज्या' असं घातलेलं. ती माझी वाटी, आणि ते माझं घरातलं नाव. कागदोपत्री मी संजीवनी. पण संजीवनी म्हणून मला कुणी हाक मारलीच नव्हती. पहिलीत बाईंनी हजेरीत 'संजीवनी' म्हटलं तर मीच मागं वळून बघितलं, ही कोण पोरगी म्हणून! आजी दारात उभी राहून अशी दणदणीत "संज्याऽऽ" करायची की लाइनीपलीकडची दोन-तीन खरीखुरी संजय नावाची पोरं खेळ टाकून बघायला लागायची. नवं माणूस विचारायचं, "मुलगा काय आजी तुमचा?" आजी नुसती हसायची. नाही म्हणायची नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाण्याच्या पाळीवरून माझं आणि मधल्या बहिणीचं, मंगलचं, भांडण झालं. ती म्हणाली, "जा गं, तुझी वाटी पण चुकलेलीच आहे. पोरगा होणार म्हणून आधीच नाव घालून ठेवलं होतं, आणि आलीस तू." भांडणातलं बोलणं ते. ती संध्याकाळपर्यंत विसरली, मी नाही विसरले. मला ते पटलंच. घरातलं प्रत्येक भांडं दुसऱ्याच्या नावाचं, मग ही वाटी तेवढी माझी कशी असेल? कुणी संजय यायचा होता, तो आला नाही. त्याची वाटी आणि त्याचं नाव मला मिळालं. वडील कंपनीत बदली, मी घरात बदली. कुणी पर्मनंट आला तर मला गेटवरून परत पाठवतील, असं खरोखर वाटायचं मला. पुढं मी शिकले त्यात हुशारी किती आणि ही चीड किती, सांगता येणार नाही. बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, सांगायला मला संकोच वाटत नाही. कॉलेजात स्टेजवरून 'संजीवनी' असं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात मागून टाळी आली ती आत्याची. दुकानातून तशीच आलेली, केसांवर स्टीलची पूड.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला आईला नवा कुकर घ्यायचा ठरला. जुनी भांडी मोडीत द्यायला मी पोत्यात भरली, आणि त्यात ती वाटीही टाकली. आत्याच्याच दुकानात गेलो. तिनं एकेक भांडं काढून तागडीत टाकलं. वाटी हातात आली तशी थांबली.

"ही बी?"

"ही पण."

तिनं वाटी तागडीत टाकली. मला वाटलं, झालं, सुटले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, गेल्या साली, मला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरीच होते. आता त्यांचं कासारवाडीतच दोन खोल्यांचं घर आहे. बारशाला नाव ठेवायचा आणि बाळाच्या कानात ते सांगायचा मान आत्याचा. माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, बहीण नाही. तेव्हा आमच्या आत्यानं परस्पर जाहीर करून टाकलं, "जावायाला भन न्हाई, तवा मान माझा." तिचं दुखणं तेव्हा कळलेलं होतं. पोटात काही ठरत नव्हतं, दुकान सुटलं होतं, पण उत्साह असा की उशाखाली वही. वहीत नावं. आणि प्रत्येक नावापुढं गल्लीत मारायची हाक. राजनंदिनी, राजा. विजयालक्ष्मी, विज्या. देवयानी, देवा.

मी म्हटलं, "आत्या, आम्ही 'मायरा' ठरवतोय."

"मायरा? हे वाटीवर घातलं तर वाटी कोन्या गावची हाय ते कळायचं न्हाई. नाव कसं पायजे, कागदावर मोठं दिसलं पायजे, अन् दारातून मारलं तर नाक्यापर्यंत गेलं पायजे. देवयानी ठेव. लाडानं देवा."

प्रशांत म्हणाला, "आत्या, गॅलरीतून देवा म्हणून ओरडलो तर अख्खी सोसायटी हात जोडंल."

"जोडू दे की! पोरीला बघून कोन हात जोडलाय का आजवर?"

सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "माझ्या पोरीला पोराचं नाव चिकटवायचं नाही. ती कुणाची बदली नाहीये. मी होते तेवढं पुरे झालं."

आत्यानं वही मिटली. "बदली? काय बोलायलीस तू?"

मग मी सगळं बोलले. वाटी, संजय, मंगलचं बोलणं, मोडीत का टाकली ते. आजारी माणसापुढं बोलू नये इतक्या जोरात बोलले. आई "अगं, अगं" करत राहिली. माझं संपल्यावर आत्या उठली, भिंतीला धरत धरत आपल्या पेटीपर्यंत गेली, आणि लुगड्यांच्या खालून वाटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तीच. मोडीतून त्याच दिवशी काढून ठेवलेली.

"हात फिरव अक्षरावर," म्हणाली. "वाकडं हाय का? माझं अक्षर असं हाय का?"

नव्हतं. तिचं अक्षर छापल्यासारखं असायचं.

"मी घातलेलं पयलं नाव हाय हे. तू झालीस तवा मला मशीनला हात लावू देत नव्हते. फडकं मारायची मी. तू बारा दिवसांची होतीस." दम लागला तशी भिंतीला टेकली. "तुला न्यायचं ठरलं व्हतं, संज्या."

मी आईकडं बघितलं. आई खाली बघत होती.

आजीच्या चुलत दिराला मूलबाळ नव्हतं. तिसरी त्यांना द्यायची, असं आजीनं ठरवलं होतं. वडिलांना आठवड्यातून दोन दिवस काम. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीनं आजी मला घेऊन जाणार होती. आत्या सांगत होती, "म्हातारी रातदिस रडायची, म्हनायची, दारात हुबं राहून पोराच्या नावानं हाक मारायचं माझ्या नशिबात न्हाई. म्हनलं, नशिबात न्हाई कामून? दुपारी मशीनवाला जेवायला गेला, तशी एक वाटी घेतली अन् घातलं नाव. घरी येऊन म्हातारीपुढं ठिवली. म्हनलं, आत्या मी हाय, नाव मी ठिवलं. शाळेत संजीवनी, तुझ्यासाठी संज्या. मार किती हाका मारायच्या त्या. अन् नाव घातलेला माल परत जात न्हाई, दुकानाचा कायदा हाय."

"मग आजी?"

"शिव्या घातल्या आधी. मग दारात गेली अन् बघू म्हनून एक हाक मारली. चव लागली तिला. सकाळची गाडी तिनं एकटीनं धरली." आत्या हसली, पोट धरून. "म्हातारीला पोराचं नाव पायजे व्हतं, मला पोरगी घरात पायजे व्हती. दोघींचं भागलं. बदली कशाची गं? तुझा बाप पर्मनंट व्हायला नऊ वर्सं लागली. तू बाराव्या दिवशी झालीस."

त्या वाक्यावर मी जी रडले, ती बाळ जागं होईपर्यंत. म्हणून तर तिच्या जाण्याच्या दिवशी माझ्याकडं रडू शिल्लक नव्हतं. आईला मी नंतर विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "काय सांगू? तुला देणार होतो, हे आईनं सांगायचं कसं?" तिचंही बरोबरच होतं. मंगलला सांगितलं तर ती मला म्हणाली, "मी असं बोलले होते?" तिला आठवतही नव्हतं.

तीन महिन्यांनी बारसं केलं. नाव मी आणि प्रशांतनं मिळून ठरवलं, वहीतलंच. बारशाच्या आदल्या दिवशी आत्यानं हट्टानं रिक्षा करायला लावली आणि आम्ही पिंपरीत तिच्या दुकानात गेलो. आता तिथं कॉम्प्युटरवर नाव उमटवणारी मशीन आहे. मालकांच्या मुलानं फळीवरून जुनी मशीन काढली, वायर जोडली, तिला खुर्ची दिली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. एका नावाला तिला बराच वेळ लागला, आणि अक्षरं माझ्या वाटीवरच्यासारखीच वाकडी आली. मुलगा म्हणाला, "आत्या, दुसरी वाटी घ्या, ही चुकली." आत्या म्हणाली, "चुकली न्हाई. अशीच असती." दुसऱ्या दिवशी तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायच्या ऐवजी नुसते हात ठेवले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं तिनं काय सांगितलं ते. आधी मोठं नाव, मग हाक.

ती गेल्यावर आम्ही बहिणींनी तिची भांडी आवरली. शकुंतलाबाई निघाल्या, कुणी गणेश निघाला, कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला तांब्या निघाला. तिच्या स्वतःच्या नावाचं एकही नाही. मंगलला वाईट वाटलं. मला नाही वाटलं. चिखलीपासून चाकणपर्यंत कितीतरी घरांत लोक तिच्या अक्षरात जेवतात.

आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या वरच्या फळीवर आता दोन वाट्या आहेत. एकीवर 'संज्या', एकीवर 'देवा'. सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना दुसरीत मऊ भात कालवून जाते. वाटी घासताना अंगठा ठिपक्यांवरून जातो, थोडा खरखरतो, आणि मग बस चुकायला नको म्हणून मी पुढच्या कामाला लागते.

देवयानी आता नऊ महिन्यांची आहे. जन्माच्या दाखल्यावर तिचं नाव लागलं आहे. तिला न्यायला कुणीही आलेलं नाही.