बोर्डावर पुन्हा एक नंबर

लाइट गेली, आली, आणि बोर्डावर पुन्हा एक नंबर लागला. नांदुऱ्याच्या त्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर तेव्हा छप्पन्न नंबरची ट्रॉली उभी होती आणि कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली होती.

गेटवर गाडीला टोकन मिळायचं आणि काट्यावर पाळी कोणाची ते बोर्ड सांगायचा. टोकनचा प्रोग्राम जुना, अकोल्याच्या कोणीतरी लिहिलेला. बोर्डाचा माझा.

वडनेर भोलजीच्या सुनंदाबाई सत्तावनचं टोकन घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, मी सकाळपासून बसून राह्यली. हा टेम्पो आत्ता आला, अन् याले एक नंबर काऊन?"

टेम्पो जिनिंगच्या मालकाचा, म्हणजे शेठजींच्या साडूचा होता. तो काट्याकडे निघालासुद्धा.

आत पळालो. आधी यूपीएसवर संशय घेतला. मग फक्त बोर्डाचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. मधल्या वेळात दोन टोकनं वाटली गेली होती, तीही पुसली गेली. म्हणजे घोळ बोर्ड सुरू होण्यातच होता.

टोकनची फाइल उघडली, पायथन भाषेत लिहिलेली. अशा फाइलला आम्ही मॉड्यूल म्हणतो. तिला दोन तऱ्हांनी कामाला लावता येतं. काळ्या स्क्रीनवर 'पायथन डॅश एम' आणि तिचं नाव टाइप केलं, की ती स्वतः चालते. नाहीतर दुसरा प्रोग्राम एखाद्या कामापुरती तिला बोलावतो. पण बोलावलं तरी पायथन ती वरपासून खालपर्यंत वाचतो आणि मोकळ्या, म्हणजे कुठल्याही कामाच्या आत न बांधलेल्या, ओळी चालवून टाकतो. शेवटची मोकळी ओळ होती: आजचे आकडे पुसा. रोज सकाळी गेट उघडताना द्यायच्या हुकमासाठी ती बरोबरच होती. माझा बोर्ड मात्र सुरू होताना नुसती पाळी विचारायला फाइलला बोलवायचा, तेव्हा ती ओळही चालायची. सकाळी पुसायला काही नसायचं, म्हणून कळलं नाही.

मॅनेजर गजाननराव मागे येऊन उभे होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, हे आपणच लोकायले सांगितलं. आता एकच्या गाडीले जाऊ द्या. शेठले मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा," म्हणालो. धीर कुठून आला माहीत नाही. गेटवर गेलो आणि सगळ्यांसमोर बोर्ड चुकलाय म्हणून सांगितलं. साडू मला बरंच काही बोलला. टेम्पो रांगेच्या शेवटी गेला आणि सुनंदाबाईंची ट्रॉली काट्यावर चढली.

दुरुस्ती एका अटीची होती: थेट हुकूम आला असेल तरच पुसायचं. बोर्ड त्यानंतर कधी चुकला नाही.

पुढच्या खेपेला सुनंदाबाई आल्या, टोकन घेतलं, बोर्ड नीट वाचला. मग मला म्हणाल्या, "बोर्ड बराबर हाय भाऊ. पण तू इथंच उभा राह्य."

उरलेला हंगाम मी पगार प्रोग्रामरचा घेतला आणि उभा गेटवर राहिलो.