तळहाताखालची पट्टी

सारंगखेड्याच्या दवाखान्यातली नर्सबाई पोटुशीचं बोट टोचून रक्त पट्टीवर टाकायची आणि लगेच वर तळहात आडवा धरायची, रांगेतल्या बायांना दिसू नये म्हणून. माझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या. सिफिलिस. आठवीत शाळा सोडलेल्या मला तो शब्दही नवा.

"घाबरू नको बहीण, सुया लिध्यात तं पोरले काही होवाव नई. नवराले बी सुई देवाले संगे लई ये," ती कानाशी म्हणाली. सासूला मात्र तिने "रक्त कमी शे" एवढंच सांगितलं.

कमरेवरच्या सुईने मी लंगडू लागले. सासू भर रांगेत बाईवर ओरडली, "सुई देता येस नई तं घर बस ना!"

बाई मान खाली घालून कापूस गोळा करत राहिली. मी लंगडत बाहेर पडले.

आता आम्ही कामासाठी सुरतेत असतो; माझा पोरगा धडधाकट पळतो. सासू अजून सांगते, त्या बाईचा हात वाईट. त्या दोन रेघांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.