खिळ्याने घातलेलं नाव

भांड्यावर नाव घालणं हे किरकोळ काम, असं मला तेव्हा वाटायचं. भवानी पेठेत आमचं दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यावर मांडी घालून बसलेले आम्ही दोघे भाऊ. दादा छिन्नी-हातोडीने टिंबं ठोकत पितळेवर अक्षर उठवायचा. मीही तेच करायचो, पण त्या टकटकीला माझा जीव विटला होता. बहात्तरचा दुष्काळ मागे पडला, अडलेली लग्नं एकदम निघाली आणि फळीवर आहेराच्या भांड्यांचे ढीग लागले. तेव्हा मीच मशीनचा हट्ट धरला.

मुंबईहून माल आणणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे दोन मशिनी होत्या. दोन्हींची जात एकच: भिंतीला टांगायची मोटर, तिच्यातून निघालेली लवचिक दांडी आणि दांडीच्या शेवटी हातात धरायची मूठ. मुठीत बसवलेलं बारीक टोक गरगर फिरून धातू कोरायचं, दातांच्या डॉक्टरकडे असतं ना, तसंच. एक मशीन विलायती, वापरलेली, पण तिचं टोक इतकं सरळ फिरायचं की फिरतंय हे डोळ्यांना कळू नये. दुसरी देशी, कोरी करकरीत, निम्म्याहून स्वस्त. तिचं टोक जरासं डुलायचं.

दादाने दोन्ही चालवून पाहिल्या. म्हणाला, "एक हंगाम थांबू, पण विलायतीच घेऊ. अरे, लहान कामालाच चांगलं हत्यार लागतं. मोठ्या कामात चूक लपते तरी."

मी हसलो. "नावं घालायचीत दादा, देवळाचा कळस नाही घडवायचा. डास मारायला तोफ कशाला?"

दादा वाद घालत नसे. तेव्हा मला तो त्याचा गुण वाटला. देशी मशीन आली.

स्टीलवर ती बरी चालली. स्टील कडक, त्यामुळे टोक घसरलं तरी नुसता ओरखडा उठायचा आणि तो घासून काढता यायचा. पितळ मऊ. तिथे टोक रुतायचं. हे मला महिनाभरात कळलं होतं, तरी दादापुढे मशीनचं कौतुक करणं मी सोडलं नाही.

एके दिवशी दादा लग्नाला दुधनीला गेला होता. वळसंगची एक म्हातारी पितळी कळशी घेऊन आली. कळशीच्या गळ्याखाली वेडीवाकडी तीन अक्षरं होती. थोरल्या मुलीचं नाव, तिच्या लग्नात म्हातारीच्या नवऱ्याने घरीच खिळ्याने ठोकलेलं. पुढे नवरा गेला, मागोमाग ती मुलगीही गेली. सासरची माणसं भली म्हणून कळशी माघारी आली. आता धाकटीचं लग्न होतं.

"ह्येच्या खाली धाकटीचं नाव घाल, बाबा," म्हातारी म्हणाली. "वरच्याला हात लावू नगंस. मला वाचाया येत न्हाय, पन ते त्येंच्या हातचं हाय."

"नाही लावत, मावशी. तुम्ही बाजार करून या."

नावाखाली जागा जेमतेम दोन बोटं. शहाण्या माणसाने छिन्नी उचलली असती, ती मांडीशेजारीच पडली होती. मी मशीन लावली. दुसऱ्याच अक्षराच्या वेलांटीला टोक रुतलं, उसळलं आणि वरच्या नावावरून आडवी चीर काढत गेलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरंच वाकडं होतं, पण ते मीच निवडून आणलेलं.

त्यानंतर मी जे केलं ते चुकीपेक्षा वाईट होतं. मुठीत घासायचं चाक बसवलं आणि ती चीर घालवता घालवता बापाने ठोकलेलं नावच घालवलं. मग छिन्नी घेऊन दोन्ही बहिणींची नावं एकाखाली एक, वळणदार ठोकली. म्हातारीला कुठं वाचता येतंय, असा विचार मी केला. आज लिहितानाही लाज वाटते, पण केला.

ती आली. कळशी उजेडात धरून पाहणं वगैरे काही नाही. कळशी कमरेवर घेतली आणि तिचा अंगठा आपोआप गळ्याखाली गेला. तिथेच थांबला.

"लई साफ झालं की रं," ती म्हणाली.

आमच्या धंद्यात सुबक कामाला साफ म्हणतात. पुसून गेलेल्यालाही साफच म्हणतात. ती कुठलं म्हणाली, हे विचारायची माझी छाती झाली नाही. "मावशी, माझ्या हातून गेलं ते," एवढं म्हणायला कुठली मशीन लागत नव्हती, देशी नाही की विलायती नाही. मी मान खाली घालून पुढचं पातेलं ओढलं.

ती एसटीच्या वाटेला लागली तेव्हा मात्र वर पाहिलं. कळशीवर तिने पदर ओढून घेतला होता, आणि पदराखाली तिचा अंगठा गळ्याभोवती फिरून फिरून ते नाव शोधत होता.