काळ्या मोटारीला दिलेली वाफ

आमचे हे मोटारी रंगवायचे. चिखलीला मेहकरच्या रस्त्यावर यांची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात मोटारी मोजक्या, त्यामुळे बहुतेक सगळ्या यांच्या हाताखालून गेलेल्या. रंग काय, कोणीही फवारतं, असं यांचं म्हणणं. खरं काम त्याच्या पुढचं. पाणी लावून बारीक कागदाने घासायचं, मग रबिंगचा मलम कापडावर घेऊन वीत-वीत जागा रगडायची, आणि सगळ्यात शेवटी तोंडाची वाफ द्यायची. पत्र्याजवळ तोंड नेऊन हळूच ‘हा’ केलं की काळ्यावर धुकं धरतं. ते उडायच्या आत मऊ कापडाने पुसलं की रंगाला खोली येते, आत विहिरीचं पाणी असल्यासारखी. मऊ कापड म्हणजे माझी जुनी लुगडी. मला नवं लुगडं घेताना यांचा डोळा जुन्यावर असायचा, आणि त्यावरून मी यांना भरपूर बोलून घेई.

मग खोकला सुरू झाला. रंगाचा वास बाधला असेल म्हणून आधी काढे झाले. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा बुलढाण्याला नेलं, तर टीबी निघाला. सुया सुरू झाल्या, काम बंद झालं. त्यातच हे पुढे पोळ्याच्या सुमारास गेले. मी सांगते ती त्याआधीच्या उन्हाळ्याची गोष्ट आहे. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं, की एका खोलीत राहणाऱ्यांनी खोकल्यापासून जपायचं, पत्र्याबित्र्यावरून रोग लागत नाही. पण गावाला कोण समजावणार? पार धाड गावच्या बाजारापर्यंत बोभाटा झाला आणि गाड्या यायच्या थांबल्या. यांना दुखण्यापेक्षा ती रिकामी शेड जास्त लागली. संध्याकाळी विचारायचे, कोणाची गाडी आली होती का. मी सांगायची, आज बाजार होता ना, सगळे तिकडेच. रोज कसला बाजार असतो? पण हे मान डोलवायचे.

वैशाखात जिनिंगवाल्या शेटच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांची काळी मोटार यांनीच पूर्वी रंगवलेली. उन्हाने तिच्यावर पांढुरकी छटा आली होती, ती उजळायला आमच्याकडे पाठवली, हा शेटचा चांगुलपणाच म्हणायचा. ड्रायव्हर मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलला. पण पत्र्याखाली हलका आवाज कुठला?

“वहिनी, काम तुमी करा, नाही तं मानूस लावा. शेटनं सांगतलं, त्याईची वाफ गाडीले लागू देऊ नका. पोरगी बसनार हाय तिच्यात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने दिलेली चावी त्याच्याच अंगावर फेकणार, तोच हे खाटेवरून म्हणाले, “बराबर हाय त्याईचं. ठेव गाडी.” मला तेव्हा शेटपेक्षा यांचाच राग आला. हे चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ऊन चढायच्या आत मी कामाला लागत असे. हे तोंडाला गमचा बांधून दूर दाराशी बसायचे आणि तिथून सांगायचे. हात गोल फिरवू नको, लांबीने चाल. कडेवर हलकं घे, तिथे रंग पातळ असतो. मेलेला रंग लुगड्याच्या चिंध्यांवर काळाकाळा उतरत होता आणि माझे हात कोपरापर्यंत बरबटले होते. पदर खोचून मोटारीला भिडलेली बाई बघायला रस्त्यावरची माणसं थांबू लागली. मी एकाला विचारलं, घरी कामं नाहीत का? हे गमच्याआड हसले, आणि हसता हसता अशी उबळ आली की भिंतीला टेकावं लागलं. मग मी कोणाला काही बोलले नाही.

शेवटी वाफेची पाळी आली. मी वाफ देत गेले, पुसत गेले. टप झाला, दारं झाली, बॉनेट झालं. बॉनेटमध्ये शेडबाहेरचा कडुनिंब पानापानाने दिसायला लागला. ड्रायव्हर दुपारी न्यायला येणार होता. हे उठले आणि भिंत धरत जवळ आले. बॉनेटवर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला.

“एक जागा मी करू काय? हे इथली, कोपऱ्यातली. कोनी नाही पाहून राह्यलं.”

लग्न झाल्यापासून या माणसाने मला कशाची परवानगी विचारली नव्हती. मी कापड यांच्या हातात दिलं आणि रस्त्यावर नजर ठेवून उभी राहिले. यांनी गमचा खाली ओढला, वाकले, ‘हा’ केलं. पत्र्यावर काही उमटलंच नाही. छातीत तेवढा वाराच उरला नव्हता. परत केलं, परत केलं, तेव्हा कुठे पुरीएवढी वाफ धरली. तान्ह्याचं तोंड पुसावं तशी यांनी ती अलगद पुसली आणि तिथेच बघत राहिले. किती दिवसांनी यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला रडू आवरेना.

“आता साबनानं धुऊन टाक,” हे म्हणाले. “लेकरू बसनार हाय तिच्यात.”

मी डॉक्टरांचं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. ऐकेनात. मग मी धुतलं. साबणाने ती जागा मंद पडली, तिथे पुन्हा मलम लावला, रगडलं, माझी वाफ दिली आणि पुसलं. हे तोवर खाटेवर जाऊन पडले होते.

ड्रायव्हर आला. मोटारीभोवती फिरून खूश झाला, म्हणाला, नवीकोरी झाली. मग चावी घेताना माझ्याकडे पाहून घुटमळला. त्याला काय विचारायचंय ते मला कळलं, आणि शिवी माझ्या ओठांवर आली. त्याआधी हे खाटेवरून बोलले.

“नाही भाऊ. म्या हात बी नाही लावला.”